स्प्रिंग घेण्याआधी व्हर्निअर घ्या

पत्र: वडिलांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० नऊ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती. बाबा गेल्यावर मी ती सुरू करून घेतली. सपाटीला छान पळते, पण यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उचलत नाही. एक मेकॅनिक म्हणतो, ‘क्लचच्या स्प्रिंगा बसल्यात, हेवी टाकू.’ दुसरा म्हणतो, ‘नव्या कशाला? आहेत त्यांच्याखाली वायसर टाकतो, परत बघायचं काम नाही.’ दुकानात तीन सेट दाखवले, तिन्हींवर ‘आरएक्स’ असंच लिहिलेलं. हेवी सेट सगळ्यात महाग. माझा पंजा लहान आहे आणि क्लच आत्ताच जड लागतो. कुठला सेट घेऊ? आणि सगळ्या स्प्रिंगा बदलायच्या की बसलेल्या तेवढ्याच?
– एक वाचक, सातारा

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी आणि जाता जाता लिहिलंय. क्लच जड लागतो आणि तरीही घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण त्याचा सगळा जोर चाकाकडे जात नाही. स्प्रिंगा खरोखर बसल्या असतील, तर लिव्हर हलका लागायला हवा. दमलेली स्प्रिंग दाबायला कष्ट कशाला पडतील? तेव्हा दोन्ही मेकॅनिकांनी तुमच्या गाडीचा क्लच उघडण्याआधीच निकाल देऊन टाकलाय, असं मला वाटतं. स्प्रिंगा दोषी नसतीलच असं नाही. पण त्यांना एकट्यांना पकडून आणलंय, हे नक्की.

म्हणून आज दुकानात जाऊ नका. आधी घरीच दहा मिनिटांचं एक काम करा. गाडी बंद असताना डाव्या हाताने क्लचचा लिव्हर अगदी हलकेच ओढा. केबल ताणली जाण्याआधी लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. ती नसेल, म्हणजे लिव्हर पहिल्यापासूनच तटतटलेला असेल, तर तुम्ही गाडी चालवताय ती क्लच किंचित दाबूनच. कितीही दणकट स्प्रिंगा टाकल्या तरी असा क्लच घाटात घसरणारच.

आता हे कसं झालं असेल तेही सांगतो. नऊ वर्षं उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. गाडी पहिल्यांदा सुरू केली की क्लच दाबूनही गिअर टाकताच ती उडी मारते. मग मेकॅनिक काय करतो, तर केबल आवळतो. प्लेटा सुटाव्यात म्हणून आणखी आवळतो. पुढे पाच-पन्नास किलोमीटर चालून प्लेटा आपोआप मोकळ्या होतात, पण आवळलेली केबल तशीच राहते. त्यात केबल नऊ वर्षांची गंजकी असेल, तर आतली तार बाहेरच्या नळीत अडकते, लिव्हर जड होतो आणि सोडल्यावर पूर्ण मागे जात नाही. जडही आणि घसरतोही, दोन्ही तक्रारी एका जागी आल्या. तेव्हा पहिली खरेदी स्प्रिंगांची नाही, केबलची. नवी केबल टाका, मोकळी हालचाल ठेवून घ्या. इंजिनाकडच्या टोकाला दुसरं ॲडजस्टमेंट असतं तेही बघायला सांगा, कारण बरेचदा वरचा स्क्रू सैल आणि खालचा ठासून आवळलेला, असा प्रकार असतो.

मग रिकाम्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरला ताशी तीस-चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण उघडा. आवाज आणि वेग एकत्र चढले तर क्लच धरतोय. आवाज आधी पळाला आणि वेग मागून आला तर घसरतोय. हे एकदाच करा, दोनदा फार तर. घसरता क्लच पुन्हा पुन्हा तपासणं म्हणजे त्याला जाळणं.

दुसरा प्रश्न मेकॅनिकला विचारा: गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं टाकलं? टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळंच असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. क्लच बुडालेला असतो तो या दुसऱ्या तेलात. नव्या मोटारींसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. मोटारीच्या इंजिनाला ते बरे, पण आपल्या क्लचचं सगळं पोट घर्षणावरच भरतं. गॅरेजात उघडा असलेला डबा ओतून दिलेला असेल, तर ते तेल काढून मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं टाका. दुचाकीचं इंजिन ऑइल वापरणार असाल तर डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ लिहिलेलं बघा. ते ओल्या क्लचला चालणारं असतं. ‘एमबी’ लिहिलेलं नको, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी.

इतकं करून क्लच धरू लागला, तर या पत्रातलं पुढचं वाचायची गरज नाही. पण गाडी तीस वर्षांची आहे, तेव्हा बहुधा उघडावाच लागेल. आता येऊ स्प्रिंगांवर.

क्लच म्हणजे एका डब्यात प्लेटांची चळत आहे: एक अस्तराची (घर्षणाचा थर लावलेली), एक स्टीलची, पुन्हा अस्तराची. (गॅरेजात स्टीलच्या प्लेटांनाही ‘प्रेशर प्लेट’ म्हणतात आणि सगळ्यांवर बसणाऱ्या झाकणालाही प्रेशर प्लेटच म्हणतात. गोंधळ नको म्हणून मी त्याला झाकण म्हणतो.) झाकणाला स्प्रिंगा आत ढकलतात, चळत दाबली जाते आणि इंजिनाचा जोर चाकाकडे जातो. स्प्रिंगेचं एक टोक झाकणावर टेकलेलं असतं, दुसरं बोल्टच्या माथ्याखाली अडवलेलं. बोल्टचा माथा जागचा हलत नाही. मग अस्तर झिजून चळत पातळ झाली की काय होईल? झाकण आत सरकेल, स्प्रिंगेला पसरायला जागा मिळेल आणि तिचा दाब कमी होईल. स्प्रिंग नवी कोरी असली तरीसुद्धा!

हिशेब करून बघा. समजा अस्तराच्या चार प्लेटा आहेत आणि प्रत्येकी ०.३ मिलिमीटर झिजल्यात. नखाएवढीही नाही ती झीज, पण चळत १.२ मिलिमीटरने खाली आली. स्प्रिंग बसवताना दहा मिलिमीटर दाबली जात असेल, तर आता ८.८ च दाबली जाते. बारा टक्के जोर गेला आणि स्प्रिंगेने काहीच वाईट केलेलं नाही. उलट बाजूने, प्लेटा जाड आहेत पण स्प्रिंगच बसून १.२ मिलिमीटर आखूड झाली, तरी तेवढाच जोर जातो. रस्त्यावर दोन्ही आजार हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून कव्हर काढल्यावर व्हर्निअर (लांबी-जाडी बारीक मापायचं साधन) लावल्याशिवाय कुणी ‘स्प्रिंगा गेल्या’ म्हणालं, तर हसून चहा मागवा आणि व्हर्निअर पुढे करा.

मापायचं कसं? स्प्रिंग सुटी करून, पुसून, टेबलावर उभी ठेवून तिची मोकळी लांबी घ्या. सगळ्यांची घ्या, कागदावर लिहा. मॅन्युअलमध्ये नव्या स्प्रिंगेची लांबी आणि कुठवर चालेल ती मर्यादा, असे दोन आकडे असतात. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या मापाची एक नवी स्प्रिंग शेजारी उभी करा. नुसत्या डोळ्यालाही फरक कळतो. गुण्या लावून ती सरळ उभी राहते का तेही बघा, एका अंगाला कललेली स्प्रिंग झाकण तिरकं दाबते. आणि एकमेकींत फरक किती, हे लांबीइतकंच महत्त्वाचं. सगळ्या सारख्याच थोड्या बसलेल्या असणं एकवेळ परवडतं, पण एकच जास्त बसलेली असेल तर झाकण वाकडं उचलतं आणि क्लच धडधडत धरतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ‘स्प्रिंग नरम झाली’ असं आपण सर्रास म्हणतो. पोलादाचा ताठरपणा असा सहज जात नाही. वर्षानुवर्षं दाबून आणि तापून स्प्रिंगेची लांबी जाते, ती बसते. मराठीतला ‘बसली’ हा शब्द अगदी नेमका आहे. म्हणून बोटाने दाबून ‘अजून कडक आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. कडक लागणारच. लांबी सांगेल ते खरं.

घरी करता येईल अशी एक छान युक्ती आहे. जुनी आणि नवी स्प्रिंग एकमेकींच्या टोकाला टोक लावून, मध्ये एक मोठा सपाट वायसर ठेवून, शिकंजात आडव्या धरा आणि हळूहळू आवळा. दोघींवर जोर अगदी सारखा येतो, दुसरा मार्गच नाही. थोडं आवळल्यावर दोघींची लांबी मापा. जी आखूड भरेल ती दुबळी. उडू नये म्हणून आतून एक सैल सळई घाला आणि आपलं तोंड बाजूला ठेवा. ही परीक्षा तुमच्या दुकानदाराच्या तीन सेटांचीही घेता येते.

आता ते तीन सेट. खोक्यावर काय लिहिलंय ते विसरा. ‘आरएक्स १००, आरएक्स-जी, १३५, सगळ्याला एकच लागतं’ हे वाक्य पुण्याच्या नाना पेठेपासून तुमच्या राजवाड्यापर्यंत कुठल्याही काउंटरवर ऐकू येईल. बसतं आणि लागतं यांत फरक आहे. चार मापं घ्या: मोकळी लांबी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि तारेची जाडी. त्यात तारेची जाडी सगळ्यांत जपून घ्या, कारण स्प्रिंगेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. तार २ मिलिमीटरची असेल आणि दुसऱ्या सेटमध्ये २.१ ची निघाली, तर डोळ्याला काहीही दिसणार नाही, पण बाकी सगळं सारखं असताना ती स्प्रिंग सुमारे एकवीस टक्के कडक असेल. २.२ ची निघाली तर शेहेचाळीस टक्के. वेढे कमी असले तरी कडकपणा वाढतो. म्हणूनच ‘लांबीला लांबी जुळली, घेऊन टाका’ हा सल्ला धोक्याचा. रंग लावलेल्या स्प्रिंगेवर रंगाचा थर मापात येऊ देऊ नका, आणि डिजिटल व्हर्निअर स्वस्तातला असेल तर तीनदा मापून मधला आकडा धरा.

जुन्या स्प्रिंगेच्या तारेची जाडी, वेढे आणि व्यास जुळतोय, लांबी तेवढी थोडी जास्त आहे, असा सेट तुमचा. तो कंपनीच्या खोक्यातला असेल तर उत्तम, चांगल्या कारखान्याचा असेल तरी चालेल. अट एकच: सेटमधल्या सगळ्या स्प्रिंगा आपसांत जुळल्या पाहिजेत. काउंटरवरच सगळ्या ओळीत उभ्या करा. एक उंच, एक ठेंगणी दिसली की परत द्या. सुट्या स्प्रिंगा निवडून सेट बनवून देतो म्हणाला, तर नको म्हणा. एक मात्र ध्यानात ठेवा. आत्ता गाडीत आहेत त्याच मुळात कुणीतरी कधीतरी बदललेल्या असू शकतात. वडिलांनी गाडी कुणाकडून घेतली होती, मध्ये काय काम झालं होतं, आठवत असेल तर मेकॅनिकला सांगा. नऊ वर्षांपूर्वीच हेवी टाकून ठेवल्या असतील, तर लिव्हर जड का, याचं आणखी एक उत्तर मिळेल.

हेवी सेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला नको. तो वाईट असतो म्हणून नाही. ताकद वाढवायला पोर्टिंग केलेलं (सिलिंडरची भोकं कोरून मोठी केलेलं), एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) लावलेलं शर्यतीचं इंजिन असेल, तर क्लचला जास्त जोर धरावा लागतो, तिथे त्याचं काम आहे. तुमच्या गाडीचं मूळ इंजिन साधारण अकरा अश्वशक्तीचं. तेवढी ताकद घाटातही, मागे माणूस बसलेलं असतानाही, मूळ स्प्रिंगा आरामात धरतात. कारखान्याने तसा हिशेब करूनच गाडी बाहेर काढली होती, आणि १९८५ ते १९९६ एवढी वर्षं हीच गाडी आपल्या घाटांत दूधवाल्यांनी किटल्या लावून चालवली. स्प्रिंग वीस टक्के कडक झाली की तो जोर झाकण, पुशरॉड, बेअरिंग, केबल अशा वाटेने सरळ तुमच्या चार बोटांत येतो. पुण्याच्या सिग्नलवर नाही, पोवई नाक्यावरच तुम्हाला कळेल. आणि झिजलेल्या प्लेटांवर हेवी स्प्रिंग टाकली की चार-सहा महिने क्लच धरतो, म्हणून मेकॅनिक बरोबर होता असं वाटतं. मग अस्तर पार संपतं, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडतात आणि तेव्हा सगळाच संच घ्यावा लागतो.

वायसरची गोष्ट तर मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. तरुणपणी माझ्या जुन्या गाडीत एका मित्राच्या सांगण्यावरून स्प्रिंगेच्या बोल्टखाली वायसर टाकले. मनात म्हटलं, फुकटात नवी स्प्रिंग! क्लच असा धरायचा की विचारू नका. सुटायचा मात्र नाही. कात्रजच्या घाटात उतारावर गिअर बदलेना, लिव्हर अर्ध्यावर जाऊन भिंतीला लागल्यासारखा थांबायचा. घरी येऊन उघडलं तेव्हा कारण कळलं. स्प्रिंगेला दाबायची एक सीमा असते. २.५ मिलिमीटरची तार आणि आठ वेढे असतील, तर सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर उंची वीस मिलिमीटर, त्यापुढे ती स्प्रिंग नाही, नळी आहे. गाडीत ती तेवीसवर बसत असेल आणि क्लच सोडवायला झाकण दोन मिलिमीटर उचलावं लागत असेल, तर एकवीसपर्यंत जाते, एक मिलिमीटर शिल्लक राहतो. त्याखाली दीड मिलिमीटरचा वायसर घातला की हिशेब संपला. झाकण पूर्ण उचलतच नाही. मी तरीही जोराने लिव्हर ओढत राहिलो आणि केबलचा गोळा तुटला. बरं, वायसर सगळीकडे सारख्या जाडीचेही नव्हते, म्हणजे झाकण तिरकं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा. त्याचा हेतू तुमचे पैसे वाचवण्याचाच असेल.

बसलेली तेवढीच बदलायची का, याचं उत्तर वर आलंच आहे. नाही, सगळ्या एकदम. या कामात सगळ्यांत स्वस्त वस्तू स्प्रिंगांचा सेट असते. कव्हर काढणं, पॅकिंग, तेल, मजुरी, खर्च तिथे होतो. त्यामुळे कव्हर निघालंच असेल आणि जुन्या स्प्रिंगा मर्यादेच्या जेमतेम वर असतील, तरी मी नव्या टाकेन.

कव्हर उघडलं की शक्यतो स्वतः शेजारी उभ्या राहा. अस्तराच्या प्लेटांची जाडी मापून घ्या. स्टीलच्या प्लेटा टेबलाच्या काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मापायची पातळ पाती) सरकवा, वाकलेली असेल तर पाते आत जाईल. क्लचच्या डब्याच्या बोटांवर प्लेटांच्या दात्यांनी खाचा पाडल्यात का, हे नखाने चाचपा. खोल खाचा असतील तर प्लेट त्यात अडकते, सरकत नाही. अशा वेळी नव्या स्प्रिंगा, नव्या प्लेटा घालूनही क्लच कधी घसरेल, कधी चिकटेल. उथळ असतील तर कानशीने साफ करता येतात. नव्या प्लेटा बसवणार असाल तर त्या आदल्या रात्री गिअरबॉक्समध्ये टाकायच्या तेलातच बुडवून ठेवायला सांगा, कोरड्या बसवू देऊ नका. आणि स्प्रिंगांचे बोल्ट एकेक करून ठासायचे नसतात, समोरासमोरचे थोडे थोडे, फिरून फिरून आवळायचे. ते ज्या ॲल्युमिनियमच्या खुंटांत जातात ते लांब पान्याने सहज तुटतात. तुटला की ते खुंट असलेला अख्खा भाग, क्लच सेंटर, नवं.

काढलेलं तेल एका वाटीत घेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा गिअरबॉक्सचं तेल कमी भरलं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर जात होता, तर क्रँकचं क्लचकडचं ऑइल सील गेलेलं असण्याची शक्यता आहे. नऊ वर्षं उभ्या गाडीत हे हमखास होतं, रबर कडक पडतं. ते वेगळं काम आहे, पण कव्हर पुन्हा उघडण्यापेक्षा आत्ताच.

एका गोष्टीसाठी मात्र हट्ट धरा. कव्हर काढताना टू-टी पंपाचा पाइप सोडवला असेल, तर परत जोडल्यावर पाइपातली हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नका. हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिनाला तेल पोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. क्लच दुरुस्त करायला नेलेली गाडी इंजिन बांधायला परत आली, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. खात्री नसेल तर पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येच थोडं टू-टी मिसळून चालवा. धूर जरा जास्त निघेल, निघू द्या.

काम झाल्यावर पहिले दोनशे किलोमीटर घाटाला जाऊ नका, गावातच चालवा. नव्या प्लेटा बसतात तशी केबलची मोकळी हालचाल बदलते, म्हणून मध्ये एकदा लिव्हर तपासून स्क्रू फिरवा. मग एखाद्या सकाळी कासच्या रस्त्याला लागा. तरीही तिसऱ्याला घसरला, तर मला स्प्रिंगांची मापं, प्लेटांची जाडी आणि डब्याच्या खाचांचा फोटो पाठवा. मापांशिवाय पत्र आलं तर उत्तर देणार नाही, हे प्रेमाने सांगतोय. आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा मेकॅनिककडून मागून घ्या, पुसून एका डबीत ठेवा. पुढच्या वेळी दुकानदार खोका पुढे करेल तेव्हा जुळवून बघायला त्याच लागतील.